विसरभोळा डबा

गडबला लाईट गेली की कुणी घराबाहेर येऊन चौकशी करीत नाही. मुंबईत करतात. "तुमच्याकडेही गेलीय का हो?" हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय मुंबईकराला अंधार पटतच नाही. आमच्याकडे घरातलं माणूस "गेली" एवढंच म्हणतं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतं. भाकरी थापणारी थापीत राहते. फार काय, फ्रीजसुद्धा शांत असतो. दोन तासांनी लाईट आल्यावर दार उघडा, आत कालचे बोंबील कालच्याच जागी असतात. फ्रीज विसरत नाही. पंखा विसरत नाही. थांबला होता त्याच कुरकुरीपासून पुन्हा सुरू होतो. विसरतो तो घरात एकटाच : कॉम्प्युटर.

या यंत्रात काय काय सुधारणा हव्यात याची माझ्या पुतण्याची यादी दर दिवाळीला बदलते. आणखी पातळ हवा, आणखी हलका हवा, आणखी वेगवान हवा. माझी मागणी मात्र २००६ सालापासून एकच आहे. लाईट जाऊन आली की जिथलं तिथं असावं. फ्रीजला जमतं ते याला का जमू नये?

आमचा हा डबा २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून आला. (त्या रस्त्याचं नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग केलेलं आहे, पण त्या नावाने विचारलंत तर कॉम्प्युटर मिळणार नाही.) पुतण्याने एकेक भाग निवडून जोडून घेतला होता. जीपमध्ये मॉनिटर मांडीवर घेऊन आम्ही निघालो आणि नियमाप्रमाणे वडखळ नाक्यावर अडकलो. अलिबागला जाणारे आणि गोव्याला जाणारे जिथे एकमेकांचं तोंड बघत बसत, ते हे ठिकाण. पुढे तिथे बाह्यवळण झालं, तेव्हा नव्हतं. दीड तास गाडी हलली नाही. तेवढ्यात पुतण्याने मला सांगितलं, "काका, याचा प्रोसेसर सेकंदाला २८० कोटी ठोके टाकतो."

"मग आपण कधी पोचू?"

त्याने ते मनावर घेतलं नाही. म्हणाला, प्रोसेसर वेगवान असला तरी मेमरीकडून माल वेळेवर येत नाही, म्हणून तो बिचारा बराच वेळ नुसता खोळंबून असतो. मला तत्काळ समजलं. इंजीन कितीही दांडगं असो, मध्ये वडखळ आहे. पुढे वाचनात आलं की या अडचणीवर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९९५ साली लेख लिहून तिला 'मेमरीची भिंत' असं नाव दिलं होतं. त्यांनी वडखळ पाहिलेलं नसावं.

वेगाचीही मजाच झाली. आम्ही डबा आणला त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेल कंपनीने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला. कारण काय, तर उष्णता. ठोके वाढवावेत तसा प्रोसेसर तापतो, आणि तो निवणार कसा हे कुणाला सुचेना. मे महिन्यात गडबला राहिलेल्या कुणालाही हे आधी विचारलं असतं तर कंपनीचे पैसे वाचले असते. मग एका वेगवान प्रोसेसरऐवजी एकाच चकतीवर दोन, चार, आठ बसवायला सुरुवात झाली. म्हणजे टमटम पळत नाही म्हणून तिच्यात माणसं जास्त बसवायची, तसंच.

ते असो. वेगाचं मला सोयरसुतक नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवणारा माणूस. डबा घेतला तो आबांसाठी.

आबा म्हणजे माझे वडील. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. खारेपाटात जन्म काढलेला माणूस. समुद्राचं पाणी अडवून केलेली भातशेती, तिचे बांध, उघाडीची दारं, राता भात, आणि उधाणाला बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की होणारा हाहाकार, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नव्हतं. त्यांनी सांगावं आणि मी टंकावं, असं ठरलं. पण आबा सांगतील तेव्हा ना! दोन वर्षं "काय सांगाचा त्यात" यापलीकडे गाडी गेली नाही.

आणि २००६ च्या पावसाळ्यात एका रात्री जेवण झाल्यावर ते आपण होऊनच सुरू झाले. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. अमावस्येचं उधाण, मध्यरात्री बांधाला गेलेली खांड, हाकाटी, सगळं गाव चिखलाच्या पाट्या घेऊन बांधावर. आणि खांड बुजेपर्यंत गळ्याइतक्या पाण्यात फळी छातीशी धरून उभा राहिलेला एक माणूस. आबांनी त्याचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, पुढे त्याच्या छातीत कायमची कळ राहिली तेही सांगितलं. मी दोन बोटांनी जिवाच्या आकांताने टंकत होतो. नऊ पानं झाली. बारा वाजून गेले होते.

लाईट गेली.

कॉम्प्युटरखाली यूपीएस नावाचं एक खोकं होतं. लाईट गेल्यावर त्याने दहा मिनिटं धीर धरायचा असतो. पण त्याच्या पोटातली बॅटरी शिसं आणि आम्लाची. हे तंत्र प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली काढलेलं, आणि उष्णतेपुढे त्याचा अजून निभाव लागत नाही. आमच्या खोक्याने एकदाच "टीं" केलं आणि मान टाकली. मी ज्या मराठी सॉफ्टवेअरात टंकत होतो त्यात मजकूर आपोआप जतन होण्याची सोय नव्हती. असलीच तर मला माहीत नव्हती. पुतण्याला फोन केला. तो झोपेत म्हणाला, "काका, कंट्रोल-एस दाबलं नव्हतंत? मग ते रॅममध्ये होतं. गेलं." थोडक्यात, रॅमने राम म्हटला होता.

अंधारात आबांचा आवाज आला, "लाईट गेली तं गेली. माजा बोलना कुठं गेला?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत शोधतो आहे. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे दुसरं काही सुचलं नाही, म्हणून विसरभोळेपणाचाच इतिहास काढत बसलो. आणि त्यात जे सापडलं त्याने माझं डोकं अधिकच फिरलं. कॉम्प्युटर पूर्वी विसरत नव्हता!

अगदी आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा, त्यात २,७०० व्हॉल्व्ह. पण त्याची मेमरी होती फेराइटच्या बारीक बारीक कड्यांची. तारांच्या जाळीत ओवलेलं एकेक कडं म्हणजे एकेक आठवण : चुंबकत्व या दिशेचं असलं तर एक, उलट दिशेचं असलं तर शून्य. लाईट गेली तर व्हॉल्व्ह विझतील, पण कड्यातलं चुंबकत्व कुठे जाणार? ते तिथेच. त्यात एकंदर २,०४८ शब्द मावत, एकेक ४० बिटांचा. मी हिशेब केला. दहा किलोबाइट झाले. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं हे सोडा, पण जागेच्या हिशेबाने आबांची पाच-सहा पानं त्यात सहज बसली असती. आणि राहिली असती.

मग ही कडी गेली कुठे? महाग पडली. ती हातांनी ओवावी लागत. कारखान्यांतून बायका भिंगाखाली बसून तारा ओवीत. इकडे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक युक्ती सुचली, तिचं पेटंट १९६८ साली मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंब साठवणारं एक इवलंसं भांडं, बस्स, झाली एक आठवण. स्वस्त, आटोपशीर, सिलिकॉनच्या टिकलीवर हजारोंनी छापता येणारी. १९७० साली इंटेलने या जातीची चिप बाजारात आणली आणि पाच-सात वर्षांत कड्यांचा बाजार उठला.

खोट एकच. ते भांडं गळतं. म्हणून यंत्राला सेकंदाला पंधरा-सोळा वेळा साऱ्या भांड्यांवरून फेरी मारून प्रत्येक थेंब वाचावा लागतो आणि पुन्हा भरावा लागतो. हे वाचलं आणि मी उठून अंगणात गेलो. अहो, हा तर आमचा बांध! खाऱ्या पाण्याच्या बांधाला दर भरतीला कुठेतरी भोक पडतंच. म्हणून फिरत राहायचं आणि चिखल लावत राहायचा. ज्या दिवशी फिरणारा थांबला त्या दिवशी शेत गेलं. आबांची नऊ पानं अशाच गळक्या बांधाआड उभी होती, आणि फिरणारा लाईटबरोबर निघून गेला.

बरं, माझ्यासारखी मागणी करणारे आणखी कुणी नव्हतेच असं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीला 'बबल मेमरी' आली. चुंबकीय बुडबुड्यांची, लाईट गेली तरी न विसरणारी. हार्ड डिस्क स्वस्त झाल्या आणि बुडबुडे फुटले. फ्लॅश मेमरी आली, तिने पेनड्राइव्ह दिला, मोबाइलमधले फोटो दिले. पण लिहिताना ती रॅमच्या मानाने फारच मंद, आणि पुन्हा पुन्हा लिहिलं की झिजते. २०१५ साली इंटेल आणि मायक्रॉन यांनी नव्या मेमरीची घोषणा केली, ती पुढे ऑप्टेन या नावाने विकली गेली. रॅमच्या खाचेत बसणारी आणि वीज गेली तरी ध्यानात ठेवणारी! मी पुतण्याला म्हटलं, "घे. एवढी मला घे." तो म्हणाला, "काका, ती मोठ्या सर्व्हरसाठी आहे. तुमच्या डब्यात बसणार नाही, आणि किमतीत तुमचं घर बसेल." खप बेताचा, म्हणून किंमत उतरेना, किंमत उतरेना, म्हणून खप वाढेना. २०२२ साली इंटेलने तो धंदा गुंडाळला. विज्ञान अडलं नव्हतं. वाण्याचं गणित अडलं होतं. आणि त्या वाण्याला दोष तरी कसा देऊ? लॅमिंग्टन रोडवर मी स्वतः पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली होती.

त्या गळक्या रॅमची आमच्या गावात आणखी एक तऱ्हा. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्या पितळी दिसणाऱ्या दातांवर काट चढते आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला पेणहून येतो, रॅम बाहेर काढतो आणि शाळेतल्या पोरासारखी खोडरबराने घासतो. चालू! अब्जावधी भांड्यांच्या त्या चमत्काराची दुरुस्ती दोन रुपयांच्या रबराने होते, आणि तो दोनशे घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली होती की खोडरबराने आतलंही पुसलं जाईल. आता पुसायला काही उरलेलं नव्हतं हे ध्यानात आलं.

आबांनी गोष्ट पुन्हा सांगितली. लगेच नाही, "एकदा सांगितला ना" म्हणून तीन महिने अडून बसले. या वेळी मी वहीत लिहिलं. तीनच पानं झाली. उधाण आलं, खांड आली, फळी धरलेला माणूस आला, आणि आबा थांबले. "तो... अरं तो रं..." म्हणत बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू लिवला व्हतास ना?"

लिहिलं होतं. माझ्याच दोन बोटांनी टंकलं होतं. पण डब्यात आहे म्हणून डोक्यात ठेवलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

आता घरात लॅपटॉप आहे. त्याच्या पोटात बॅटरी आहे, लिहिलेलं आपोआप जतन होतं, लाईट गेलेली त्याला कळतही नाही. आत रॅम तीच, गळकी. वहीतली तीन पानं मी त्यात उतरवली. नावाच्या जागी एक आडवी रेघ आहे. गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली. त्यातलं एक त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं होतं. तिन्ही मी कंसात लिहून ठेवली आहेत. गरज नसते, तरी प्रत्येक नावानंतर कंट्रोल-एस दाबलं.