कौल, मिरास आणि उपरे : परभणीच्या मातीत गाव निवडण्याचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. दोघा नवराबायकोंनी शहर सोडायचं ठरवलं होतं. "बाबा, गावाकडं यायचं हे नक्की आहे. पण कोणत्या गावाकडं, ते तुम्ही सांगा," असं तो म्हणाला. त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एक, पाथरीच्या बाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची विकाऊ असलेली तीन एकर जमीन. दुसरा, गंगाखेड तालुक्यातल्या बालाघाटच्या उतारावरचं आमचं मूळ गाव. तिथली आजोबांच्या वाट्याची कोरडवाहू जमीन अजून चुलत घराच्या वहितीत आहे. संगणकाच्या कामातला माणूस असल्यामुळे त्याने एक कोष्टकच करून पाठवलं. त्यात पाणी, रस्ता, दवाखाना, शाळा, जमिनीचा भाव, मोबाइलची रेंज अशी सगळी खानी होती आणि प्रत्येक खान्यात दहापैकी गुण दिलेले होते.

कोष्टकात खोट काढायला जागा नव्हती. तरी मला ते अपुरं वाटत राहिलं, आणि का वाटतं ते सांगता येईना. माझी नोकरी बाजार समितीत हिशेब लिहिण्याची. इतिहासाची पदवी नाही. चाळिशीत एका निवृत्त मास्तरांकडे मोडी शिकलो आणि तेव्हापासून सुटीच्या दिवशी जुनी कागदपत्रं वाचतो, एवढीच माझी पात्रता. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी त्याच कागदांकडे वळलो. या जिल्ह्यात माणसं गावं सोडत आणि निवडत आली आहेत त्याला काही शतकं झाली. निवडताना त्यांनी काय पाहिलं?

पहिली गोष्ट पाथरीचीच आहे, आणि ती राजघराण्याची आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. काही कारणाने या घराण्याला पाथरी सोडून विजयनगरच्या मुलखात जावं लागलं. तिथल्या स्वारीत हा मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे मोठ्या पदाला चढला. त्याच्या नातवाच्या, म्हणजे बुऱ्हाण निजामशहाच्या काळात अहमदनगरहून वऱ्हाडच्या अल्लाउद्दीन इमादशहाकडे मागणी गेली, की पाथरी आम्हाला द्या आणि त्याबदली जास्त उत्पन्नाचा दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणच्या फौजेने पाथरी घेतली. ती पुन्हा हातची गेली, तेव्हा १५२७ मध्ये पुन्हा घेतली. पाथरी आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिल्याचं फेरिश्ता सांगतो.

राजकारणात सरहद्दीचं ठाणं म्हणून पाथरीला महत्त्व होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण या हकिकतीतली अदलाबदलीची मागणी मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. जास्त वसुलाचा मुलूख देऊन कमी वसुलाचा मागणारा माणूस हिशेबात कच्चा नसतो, त्याच्या हिशेबात एक रकाना जास्त असतो. पिढ्यांपूर्वी सोडलेल्या गावात आपल्या माणसांना कुलकर्णी म्हणून पुन्हा बसता यावं, हा तो रकाना.

राजांना फौज पाठवता येते. कुणब्याने काय करायचं? त्याच्यासाठी दख्खनच्या महसुली व्यवहारात एक शब्द होता, 'कौल'. आज हा शब्द मतदारांचा कौल किंवा देवाला लावलेला कौल एवढ्यापुरता उरला आहे. जुन्या कागदात कौल म्हणजे अभयपत्र, सरकारने किंवा वतनदाराने दिलेला लेखी शब्द. दुष्काळ पडला, फौजा फिरल्या, की रयत परागंदा होई. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांत पिढ्यान् पिढ्या राहिली. १६३० च्या दुष्काळात तर दख्खनची गावंच्या गावं ओस पडली. तेव्हा जमीन मुबलक होती, तुटवडा माणसांचा होता. पडीक जमिनीला वसूल नसतो. म्हणून देशमुख, पाटील आणि त्यांच्यावरची सत्ता रयतेला बोलावण्याच्या खटपटीत असत. या, वस्ती करा, जमीन लावा, पहिल्या वर्षी नाममात्र द्या, दुसऱ्या वर्षी थोडं जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दराला या. या चढत्या बांधणीला 'इस्तावा' म्हणत. शिवाय बी आणि बैलासाठी तगाई मिळण्याची सोय असे.

त्यामुळे गाव सोडणारा कुणबी अगदीच अगतिक नव्हता. एका परगण्यात जाच झाला तर शेजारच्या परगण्याचा कौल बरा आहे का हे तो पाहू शकत होता. मलिक अंबरच्या धाऱ्याची कीर्ती १६२६ मध्ये तो वारल्यानंतरही दख्खनमध्ये टिकली. पीक पाहून, जमीन पाहून ठरलेला दर म्हणजे उद्या काय द्यावं लागेल ते आज कळणं. जमीन काळी आहे की मुरमाड, हे कुणब्याला डोळ्यांनी दिसतं. वसूल घेणारा शब्दाला जागेल की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. कौल त्यासाठी होता.

पण कौल घेऊन आलेला माणूस त्या गावचा होत नसे. तो 'उपरी'. गावचा खरा धनी 'मिरासदार', वंशपरंपरेने जमीन कसणारा. ही भाषा पुणे-नगरकडच्या कागदांत ठळक दिसते, आणि पाथरीचा मुलूखही त्याच निजामशाहीच्या अमलातून गेलेला आहे. उपऱ्याचा दर कधी कधी मिरासदारापेक्षा हलका असे आणि नको वाटलं तर तो उठून जाऊ शके. मिरासदाराला दर भारी पडला तरी गावच्या गोतसभेत जागा होती, मानपान होता. मुख्य म्हणजे, तो परागंदा झाला तरी त्याची मिरास सहज बुडत नसे. वर्षानुवर्षांनी परत येऊन तो जमीन मागू शके. ज्या घराण्याचं कोणी उरलंच नाही त्याची जमीन 'गतकूळ'. ती पाटील आणि गावकरी मिरासपत्र करून नव्या माणसाला देत, बलुतेदारांची साक्ष घालून. सुतार, लोहार, महार, न्हावी यांच्या साक्षीने उपऱ्याचा मिरासदार होई. पैशाइतकीच ही साक्ष महत्त्वाची होती, कारण उद्या त्याला राहायचं या माणसांत होतं.

हे चित्र गोड करून मांडण्याचा माझा हेतू नाही. ज्या महाराची साक्ष कागदावर लागे, त्याचं घर गावकुसाबाहेरच राही. गाव निवडण्याची मुभा सगळ्यांना सारखी नव्हती. तरीही नव्याने आलेल्या माणसाचं स्थान काय आणि ते कसं बदलतं, याला त्या व्यवस्थेत नाव होतं आणि रीत होती.

पुढे निजामाच्या राज्यात परिस्थिती उलटत गेली. लोकसंख्या वाढली, पडीक जमीन संपत आली, आणि माणसाला बोलावणारा कौल मागे पडून जमीन मागणारा कूळ पुढे आला. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. सेलू, परभणी, पूर्णा ही गावं रुळावर आली. मानवतला मात्र स्टेशन लांब मिळालं, म्हणून ते आजही 'मानवत रोड'. कापूस रेल्वेने जाऊ लागला तसे व्यापारी स्टेशनजवळ आले आणि पूर्णा तर रेल्वेचंच गाव झालं. गाव निवडण्याच्या हिशेबात रस्ता नावाचा रकाना आला तो तेव्हा. १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं. मिरासदाराच्या परत येण्याच्या हक्कापुढे कसणाऱ्याचा हक्क उभा राहिला. हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. का, ते पुढे येईल.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घराने डोंगरावर काढला. मी तेव्हा तीन वर्षांचा. आजोबांनी दगड फोडण्याच्या कामावर हजेरी लावली आणि पुढच्या उन्हाळ्यात बिऱ्हाड उचललं. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं झाल्यामुळे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी खाली फिरू लागलं होतं. तिथल्या एका गावात त्यांची बहीण दिलेली होती. जायकवाडीचं पाणी अजून यायचं होतं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेल्या त्या धरणाचं उद्घाटन इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये केलं, आणि २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याने पाथरीचा पट्टा बदलला. त्यासाठी वरच्या अंगाला नाथसागराखाली अनेक गावं गेली. आमच्याकडे हिरवं झालेलं प्रत्येक शेत कोणाच्या तरी सोडलेल्या गावाचं देणं लागतं, हे पाण्याच्या रकान्यात लिहिलेलं नसतं.

आजोबांनी निवडलेलं गाव चांगलं होतं. पोटभर मिळालं, माझं शिक्षण झालं. पण चाळीस वर्षांत आमची ओळख 'डोंगरातले' हीच राहिली. पोळ्याला बैल तोरणाखालून जातात ते मानाच्या क्रमाने. आमची जोडी कायम शेवटी. आजोबा वर्षभर त्या बैलांना जपत, शिंगं रंगवत, झूल घालत आणि रांगेच्या टोकाला शांत उभे राहत. एकदा मी विचारलं, "आपले बैल पुढं का नाहीत?" ते म्हणाले, "आपण मागून आलो ना, बाळा."

आजही जिल्ह्यातून माणसं निघतातच. दसरा झाला की गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे जातात. कोणत्या मुलखात जायचं हे बहुतेक वेळा मुकादमाने दिलेल्या उचलीवर ठरतं. कौलात आणि उचलीत मला एक नेमका फरक दिसतो. कौल आधी सूट देई आणि घेणं नंतर. उचल आधी पैसे देते आणि माणूस बांधून घेते. मुलखामुलखांतली निवड दोन्हीकडे आहे, पण कौल घेतलेला कुणबी नको झालं तर उठून जाऊ शके. उचल घेतलेल्या कोयत्याला हंगाम संपल्याशिवाय उठता येत नाही.

हे सगळं मी मुलाला पत्रात लिहिलं. कोष्टकात एक खाना वाढव, असं सुचवलं : तिथं आपण कोण म्हणून राहणार? पाथरीच्या शेतात पाणी आहे, पण कालव्याच्या टोकाला ते दर वर्षी पोचेलच असं नाही. पाळी कोणाची यावर शेजाऱ्याशी बोलावं लागेल, आणि शेजारी तुला अजून ओळखत नाही. डोंगरातलं गाव आपलं आहे असं आपण म्हणतो. कागदावर ते आहेही. पण ती जमीन पन्नास वर्षं माझ्या चुलतभावाच्या घराने नांगरली, तिचे बांध घातले, दुष्काळात सोडली नाही. आपण तिथं गेलो तर परत आलेले मिरासदार म्हणून जाणार, आणि कसणाऱ्याला उठवणार. कायदा आपल्या बाजूचा निघाला, तरी दुसऱ्या दिवशी पाणी कोणाच्या विहिरीचं प्यायचं?

म्हणून माझा सल्ला असा होता. दोन्हीकडे तू उपरीच आहेस, हे आधी मान्य कर. जमीन विकत घेऊ नको, परतही मागू नको. दोन हंगाम राहून बघ. कुठलं गाव तुला कौल देतं ते पाहा.

मृग निघण्याच्या आधी आम्ही दोघं डोंगरातल्या गावी गेलो. चुलतभाऊ माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. ओसरीवर चहा झाला. मी बोलायला सुरुवात केली ती जमिनीवर आमचा काही दावा नाही इथून. दादाने हात वर करून थांबवलं. बराच वेळ तो समोरच्या शेताकडे पाहत होता.

"लेकराला पेरायचं आहे ना? वरच्या अंगाचं दोन एकर पेरू दे," तो म्हणाला. "बैल-औत माझं. यंदा मला काही नको. पुढल्या साली थोडं बघू, अन् त्याच्या पुढल्या साली, ऱ्हायला तर, बसून बोलू."

दादा चौथीपर्यंत शिकला आहे. मोडीचा कागद त्याने कधी पाहिलेला नाही. इस्तावा हा शब्द मी त्याला सांगितला नाही, सांगायची गरज वाटली नाही. मुलाने खिशातला कोष्टकाचा कागद काढला नाही. तो उठला आणि दादाच्या मागे वरच्या अंगाचे दोन एकर बघायला गेला.