उपोषण, वजन आणि चयापचय : राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या उपोषणांच्या संदर्भात

प्रस्तावना :

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकासाइतकेच अण्णा हजारे यांच्या उपोषणांसाठी ओळखले जाते. या उपोषणांचा राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला. त्यांचा शारीरिक इतिहास मात्र दररोजच्या वैद्यकीय पत्रकातील एका आकड्यापुरता, म्हणजे घटलेल्या वजनापुरता उरला. हा आकडा नेमके काय सांगतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१६ ऑगस्ट २०११ रोजी तिहार कारागृहात सुरू झालेले व पुढे रामलीला मैदानावर चाललेले उपोषण २८ ऑगस्टला सुटले. त्या वेळी हजारे ७४ वर्षांचे होते. या बारा दिवसांत त्यांचे वजन सात किलोंहून अधिक घटले, म्हणजे सरासरी रोज सुमारे सहाशे ग्रॅम. मैदानावर बसून असलेल्या वृद्धाची दैनिक ऊर्जेची गरज दीड हजार किलोकॅलरी धरली आणि एक किलो शारीरिक मेदातून सुमारे ७,७०० किलोकॅलरी मिळतात हे लक्षात घेतले, तर रोज जेमतेम दोनशे ग्रॅम मेद खर्ची पडावयास हवा. उरलेली घट कशाची?

यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारणतः एका दिवसात संपत येतो आणि त्याच्याशी बांधलेले तिप्पट-चौपट पाणी शरीराबाहेर जाते. पाठोपाठ क्षारही जातात. मेंदूला ग्लुकोज पुरविण्यासाठी स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असल्याने काटा वेगाने उतरतो. काही दिवसांनी मेंदू मेदापासून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांवर बराचसा भागवू लागतो, स्नायूंची झीज मंदावते आणि चयापचयाचा वेगही उतरतो.

हे ज्ञान जुने आहे. १९१२ साली बोस्टन येथे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी लेव्हान्झिन या माल्टाच्या गृहस्थांच्या ३१ दिवसांच्या उपवासाची मोजदाद केली, तेव्हा सुमारे १३ किलो वजन घटले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटात ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांत अवस्थेतील चयापचय त्याहूनही अधिक प्रमाणात मंदावला. भूक लागलेले शरीर काटकसर शिकते. आहार कमी करूनही वजन पुढे हटत नाही, ही आजची सार्वत्रिक तक्रार याच नियमाची.

यावरून वैद्यकीय पत्रकाचे वाचन बदलावे लागते. पहिल्या दिवसांतील मोठी घट लोकांना हादरविते, परंतु ती मुख्यतः पाण्याची असते. नंतरची घट आकड्याने लहान दिसते आणि दुर्लक्षित राहते. प्रत्यक्षात तेव्हाच हृदय, मूत्रपिंडे व क्षारांचे संतुलन यांवरचा ताण साचत जातो. सरकारवरील दबाव मात्र किलोंत मोजला गेला, ही विसंगती इतिहासकारांनी फारशी लक्षात घेतलेली नाही.

पुढे १० ते १८ डिसेंबर २०१३ या काळात राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिरात, तर ३० जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०१९ दरम्यान पुन्हा याच गावात उपोषण झाले. २०१९ मध्ये हजारे ८१ वर्षांचे होते. वयानुसार स्नायूंचा साठा आटत असल्याने त्या सात दिवसांतील प्रत्येक किलो २०११ मधील किलोहून महाग होता.