वाकडा जबडा आणि सरळ प्रश्न

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता मार्गासनीच्या पुढे गेला की राजगड आणि तोरणा दिसू लागतात. या भागातल्या एका शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. (२०२४ साली वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला, आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच बसले आहे.) मधल्या सुट्टीत पटांगणात एक तपकिरी कुत्रा आला. त्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगला बोटभर पुढे आलेला होता. तोंड मिटलेले असतानाही खालचे पटाशीचे दात दिसत होते.

"सर, ह्याचं त्वांड असं का?" एका मुलाने विचारले. आम्ही काही बोलण्याआधी शेजारचे एक शिक्षक म्हणाले, "संकर आहे तो. इथं पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत, त्यांच्या आखूड तोंडाच्या कुत्र्याचं पिल्लू. रक्त मिसळलं की असं बिघडतं. माणसांतसुद्धा तेच म्हणतात ना?" मुलांनी माना डोलावल्या. आम्ही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. "तसे नसते" एवढेच म्हणालो, आणि नुसते "तसे नसते" म्हणणे हे काही विज्ञान नव्हे. गंमत अशी की शिक्षकांच्या वाक्याचा पहिला भाग बहुधा बरोबर होता. दुसऱ्या भागाला मात्र बराच मोठा आणि काहीसा भयंकर इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पुण्याचाही एक धागा आहे.

आधी दातांचे गणित पाहू. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात : १२ पटाशीचे, ४ सुळे, १६ उपदाढा आणि १० दाढा. मांजराला ३०. तोंड मिटले की वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे येतात. खालचा सुळा वरचा शेवटचा पटाशीचा दात आणि वरचा सुळा यांच्यामधल्या फटीत बरोबर जाऊन बसतो. मागे, वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींना घासून जातात, अगदी कात्रीच्या पात्यांसारख्या. मांस कापण्याचे काम ही जोडी करते. अडकित्त्याचे एक पाते लांब झाले तर सुपारी कशी कातरणार? दातांची बैठक बिघडते ती बहुतेकदा अशी : दात जागच्या जागी असतात, पण ते ज्या जबड्यांत रोवलेले असतात त्यांची लांबी जुळत नाही. खालचा जबडा आखूड पडला तर त्रास जास्त. खालचे सुळे टाळूत रुततात आणि तिथे जखम होते. खालचा पुढे आला तर दिसायला विचित्र, पण बरेच प्राणी निभावून नेतात.

श्वानकुळात दातांची ही मांडणी इतकी पक्की आहे की प्राणिशास्त्रज्ञ तिच्यावरून जाती ओळखत आले. त्यातले एक प्रकरण आपल्याच मुलखातले आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेले विल्यम हेन्री साइक्स हे लष्करी अधिकारी १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी पाहणी करीत होते. इथल्या सस्तन प्राण्यांची त्यांनी केलेली यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात १८३१ साली छापली गेली. तीत आपला लांडगा आहे, खोकड आहे, आणि 'कोळसून' म्हणजे रानकुत्राही आहे. मराठी नाव त्यांनी जसे ऐकले तसे दिले आणि शास्त्रीय नावात 'दख्खन' घातले : कॅनिस दुखुनेन्सिस. पुढे १८३३ मध्ये नेपाळात राहणाऱ्या ब्रायन हॉजसन यांनी तिकडच्या रानकुत्र्याला 'आदिम कुत्रा' अशा अर्थाचे नाव दिले. सगळ्या पाळीव कुत्र्यांचा मूळपुरुष हाच असावा असे त्यांना वाटत होते. पण कोळसुनाच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीनऐवजी दोनच दाढा असतात. एकूण दात ४०. हॉजसन यांनीच १८३८ मध्ये त्याला 'क्युऑन' या वेगळ्या प्रजातीत टाकले. आज आपल्याला माहीत आहे की कुत्रा लांडग्यापासून आला, कोळसुनापासून नव्हे.

मग लांडग्याचा कुत्रा होताना तोंड आखूड झाले, दात दाटीवाटीने बसले, असे जवळजवळ शंभर वर्षे मानले जात होते. उत्खननात सापडलेला जबडा कुत्र्याचा की लांडग्याचा हे ठरविताना दातांची दाटी हा पुरावा धरीत. २०१७ साली शेकडो जुने-नवे जबडे मोजून पाहिले गेले तेव्हा दाटी कुत्र्यांपेक्षा लांडग्यांतच जास्त निघाली! वर्गात सांगण्यासारखे उदाहरण आहे हे. सगळ्यांना पटलेली खूण कोणी मोजलेलीच नव्हती.

कुत्र्याचा जबडा खरा बिघडला तो फार अलीकडे, आणि माणसाने तो हौसेने बिघडविला. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ साली कायद्याने बंद झाला. बुलडॉगला काम उरले नाही. मग तो प्रदर्शनात उभा राहू लागला. १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब स्थापन झाला आणि जातींची 'आदर्श लक्षणे' लिहिली जाऊ लागली. बुलडॉगच्या लक्षणांत खालचा जबडा वरच्याच्या पुढे असावा असेच लिहिलेले असते. म्हणजे जो दोष, तोच गुण. पर्शियन मांजराचे चपटे तोंड हाही अशाच निवडीचा परिणाम. नाक आणि वरचा जबडा आखूड होतो. दात मात्र तेवढेच राहतात, मग ते तिरके-आडवे उगवतात. यामागची काही जनुकेही आता सापडली आहेत : २०१२ साली बीएमपी-३ आणि २०१७ साली एसएमओसी-२ या जनुकांतील बदलांचा आखूड तोंडाशी संबंध दाखविण्यात आला.

आता शिक्षकांच्या वाक्याकडे येऊ. न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील चार्ल्स स्टॉकार्ड यांनी १९२०-३० च्या दशकांत कुत्र्यांच्या संकराचे मोठे प्रयोग केले. बुलडॉग आणि बॅसेट हाउंड यांसारख्या अगदी विजोड जाती त्यांनी एकत्र आणल्या. संततीत कुणाचा वरचा जबडा आखूड आणि खालचा लांब, अशा जोड्या दिसू लागल्या. दोन्ही जबड्यांची लांबी वेगवेगळी वारशाने येते असा त्यांचा निष्कर्ष. स्टॉकार्ड १९३९ साली वारले, ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षणे खरी होती. पण त्यांवरून काही दंतवैद्यांनी आणि वंशशुद्धीवाल्यांनी उडी मारली ती थेट माणसावर : एका वंशाचे मोठे दात आणि दुसऱ्याचा लहान जबडा एकत्र आले की दात वाकडे होणारच, म्हणून वंशांनी मिसळू नये.

या उडीत चूक कुठे आहे? बॅसेटचे पाय आखूड असतात ते कूर्चेच्या वाढीतील एका दोषामुळे, आणि माणसाने तो मुद्दाम जपलेला आहे. बुलडॉगचा जबडा संकराच्या आधीच विजोड होता. दोन टोकाच्या, माणसाने घडविलेल्या विकृती एकत्र केल्यावर विजोडपणा दिसला, तर दोष मिसळण्याचा की आधीच्या निवडीचा? माणसांच्या कोणत्याही दोन समूहांत असा फरक नाही. त्याची परीक्षाही झाली. हवाई बेटांवर पॉलिनेशियन, चिनी, जपानी, युरोपीय अशा लोकांची पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ झाली आहे. तिथल्या शाळकरी मुलांच्या दातांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. मिश्र कुटुंबांतील मुलांचे दात साधारणपणे आईवडिलांच्या समूहांच्या मधोमध पडतात असे दिसले. सरमिसळीमुळे वेगळा असा बिघाड आढळला नाही.

कुत्र्यावरून माणसावर उडी मारणारे अमेरिकेतच होते असे नाही. जर्मनीत ऑयगन फिशर यांनी आफ्रिकेतील रेहोबोथ येथील मिश्र समाजावर १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि १९१४ मध्ये माणसाची वांशिक लक्षणे ही पाळीव प्राण्यांतील लक्षणांसारखीच आहेत असा निबंध. १९२७ मध्ये ते बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याकडे १९२८ साली पुण्याहून एक तरुण विद्यार्थिनी दाखल झाली : इरावती कर्वे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाशी आहे, आणि युरोपीय कवटीत तो श्रेष्ठत्वाची खूण म्हणून दिसेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. विषमता सर्वच कवट्यांत होती. वंशाशी तिचा संबंध मात्र दिसला नाही. त्यांनी तसे लिहिले. मार्गदर्शकाच्या संस्थेत, त्याच्याच कल्पनेविरुद्ध, परदेशी विद्यार्थिनीने असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे. १९३१ मध्ये प्रबंध छापला गेला. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील शेकडो मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली तेव्हा त्यांच्या संस्थेतील तज्ज्ञांनी मुलांची तपासणी केली होती. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. त्यांचा विषय दात नव्हता, कवटी होती; पण वेल्ह्याच्या पटांगणात आम्हाला हवे असलेले उत्तर त्यांच्या मोजपट्टीत होते.

गावातला कुत्रा हा शहरी जातींच्या भेसळीतून झाला असे अनेकांना वाटते. जनुकीय अभ्यास उलटे सांगतात. भारतातील गावकुत्रे ही जुनी, स्वतंत्र परंपरा आहे, आणि प्रदर्शनातल्या जाती बहुतेक दीडदोनशे वर्षांच्या. तेव्हा त्या तपकिरी कुत्र्याचा जबडा वाकडा झाला असेल तर तो गावाच्या बाजूने नव्हे, बंगल्याच्या बाजूने आलेल्या कुळीमुळे. असाच तो पुन्हा गावकुत्र्यांत मिसळत गेला, तर चार-सहा पिढ्यांत बहुतेक पिल्लांची तोंडे सरळ दिसू लागतील.

विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर जिवंत कुत्र्याच्या तोंडात हात घालू देऊ नये. रेबीजचा धोका आहे. प्रयोगशाळेत कवटी असेल तर उत्तम, नाहीतर जांभई देणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र पुरते. आमचा तपकिरी मित्र त्या दिवशी पोषण आहाराची खिचडी मुलांच्या देखत फस्त करून गेला. भाकरीचा तुकडा मात्र तो मान तिरकी करून, मागच्या दाढांनीच तोडत होता.