एका कणाचें विरजण

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत, आज जेथें संत तुकाराम नगर वसलें आहे त्याच्या शेजारीं, पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. नळींतली बुरशी चंबूंत, चंबूंतली लहान टाकींत आणि तेथून मोठ्या टाकींत, असा तिच्या वाढीचा क्रम. चमचाभर विरजणानें पातेलेंभर दूध लावणाऱ्या गृहिणीस यांत नवल वाटूं नये. मात्र परक्या जंतूंचा शिरकाव झाला कीं सारी टाकी वायां जावयाची. शुद्ध विरजण टप्प्याटप्प्यानें वाढविण्याची ही विद्या औषधाच्या कारखान्यांत जन्मली नाहीं. ती बिअरच्या पिंपांतून आली.

बव्हेरियाची लागर बिअर थंडींत सावकाश आंबते व तिचें किण्व, म्हणजे यीस्ट, तळाशीं बसतें. १८४५ सालीं कोपनहेगनचे याकोबसेन हें किण्व म्यूनिकच्या सेडलमायर यांजकडून घेऊन निघाले. वाटेंत गाडी थांबेल तेथें ते डब्यांवर थंड पाणी ओतीत, असें सांगतात. १८४७ सालीं त्यांनीं कार्ल्सबर्गचा कारखाना काढला. पुढें तेथील बिअर नासूं लागली. किण्वांत रानटी जाति मिसळल्या आहेत, हें प्रयोगशाळेंतील एमिल हान्सेन यांनीं ओळखलें. त्यांनीं किण्व इतकें पातळ केलें कीं एका थेंबांत जेमतेम एक पेशी यावी, आणि त्या एकीचीच संतति वाढवून नोव्हेंबर १८८३ मध्यें ती कारखान्यांत वापरली. हें गुपित ठेवलें असतें तर केवढा नफा! पण कार्ल्सबर्गनें तें शुद्ध किण्व इतर कारखान्यांस मोफत दिलें.

परदेशीं घरोघरीं लागर करणारे आजही याच वाटेनें जातात. (महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळें परवान्यावांचून तसें करतां येत नाहीं.) थंडींत आंबवावयाचें म्हणून लागरला साध्या बिअरच्या सुमारें दुप्पट पेशी लागतात. तेव्हां कुपींतलें द्रव किण्व, उकळून निवविलेल्या माल्टच्या पातळ काढ्यांत हवा देत वाढवितात. मग शीतकपाटांत तें तळाशीं बसलें कीं वरचें पाणी ओतून टाकतात व दाट साका निर्जंतुक बाटल्यांत वाटून घेतात: एक वाटा पिंपास, उरलेले पुढील खेपांस. दर वाटणीबरोबर परके जंतु शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून कांहीं खेपांनंतर सारें फेंकून मूळ शुद्ध नळीपासून पुन्हां आरंभ करावा लागतो.