किनाऱ्यावरचा एक दिवस : अलिबाग ते जंजिरा

श्रोतेहो, आपण वऱ्हाडातली माणसे. आपला किल्ला म्हणजे गाविलगड किंवा नरनाळा, आणि आपले पाणी म्हणजे विहिरीचे नाहीतर वर्धा-पूर्णेचे. समुद्राचा विषय निघाला की आपल्याकडचा एखादा शेतकरी सहज म्हणून जातो, "काय पायाचं हाय तिथं? पानीच पानी!" त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. नुसते पाणी पाहायचे तर इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. पण त्या पाण्याने आपल्या प्रांताचा इतिहास घडवला आहे, आणि तो कसा घडवला हे एका दिवसात डोळ्यांनी पाहता येते. आज त्याच दिवसाविषयी बोलायचे आहे. विशेषतः शाळामास्तरांनी हे ऐकावे, कारण सहलीचा हिशेब शेवटी त्यांनाच करावा लागतो.

प्रथम आपला आणि समुद्राचा संबंध पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाटेत पाऊस गाठला की माल भिजून वाया जाई. पुढे 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. आमच्या चांदूरच्या नावामागे 'रेल्वे' हा शब्द लागला तो याच रुळांमुळे. दरम्यान 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपले तसा तो भाव कोसळलाही. म्हणजे धामणगावच्या किंवा बडनेऱ्याच्या शेतकऱ्याच्या घरात दिवाळी कशी व्हायची, हे समुद्रापलीकडे ठरू लागले. तेव्हा हा समुद्र कोणाच्या ताब्यात होता, तो त्यांच्या ताब्यात कसा गेला, आणि त्याला आपल्या माणसांनी काय उत्तर दिले, हे प्रश्न वऱ्हाडच्या मुलालाही पडले पाहिजेत.

यासाठी अलिबागपासून मुरूड-जंजिऱ्यापर्यंतचा किनारा मी निवडतो. हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. दहाबारा जणांनी मिळून एक गाडी ठरवावी आणि बरोबर तिथलाच एक माहितगार वाटाड्या घ्यावा, म्हणजे एका दिवसात तीनचार ठिकाणे नीट पाहून होतात. मोठ्या बसमधून शंभर मुले नेली की अर्धा दिवस हजेरी घेण्यातच जातो. लहान तुकडी न्यावी, आणि पुढच्या वर्षी दुसरी न्यावी.

दिवस ठरवताना मात्र शाळेच्या सुटीआधी पंचांग पाहावे. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला तिथे चालत जाता येते. किनाऱ्यावरच्या लोकांचा भरतीचा एक साधा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ येते. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. रोज भरती दोन घटका पुढे सरकते ती यामुळेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी पुरते ओसरत नाही. म्हणून तृतीया-चतुर्थीचा दिवस आपल्याला सोयीचा. सकाळी ओहोटीत कुलाबा चालत पाहावा आणि दुपारी भरतीच्या पाण्यात जंजिऱ्याला होडीने जावे. हा हिशेब ठोकळ आहे. तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात उतरवू नये, आणि पाणी परतू लागले असे त्याने सांगितले की किल्ल्यात आणखी पाच मिनिटेही रेंगाळू नये. पावसाळ्यात तर हा बेत करूच नये. त्या दिवसांत जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात.

आता कुलाब्यात शिरू. शिवाजी महाराजांनी 1680 साली, आयुष्याच्या अगदी शेवटी, या किल्ल्याचे काम सुरू केले आणि पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. तटाचे मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोडे, हे पाहून मुले चकित होतात. त्यांना तिथेच सांगावे की समुद्रातल्या किल्ल्याचा जीव तोफेपेक्षा या टाक्यात असतो. पाणी नसेल तर वेढा घालणाऱ्याला नुसते बसून राहिले तरी पुरते.

हाच किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांचे ठाणे झाला. इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटले, आणि पुष्कळ दिवस आपल्याही पुस्तकांत तो शब्द घुटमळत राहिला. त्यामागची गोष्ट अशी. पोर्तुगीज या समुद्रात आल्यापासून त्यांनी नियम केला होता की त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय कोणी व्यापारी जहाज हाकू नये. 1713 साली शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी तह केला आणि कान्होजी छत्रपतींचे सरखेल म्हणून कायम झाले. त्यांनीही आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक मागायला सुरुवात केली. दुसऱ्याने मागितला तर परवाना आणि आपल्या माणसाने मागितला तर लूट, हा न्याय चमत्कारिकच म्हणायचा. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, तो फसला. कान्होजी 1729 साली वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अलिबागहून दक्षिणेला चौल-रेवदंडा सुमारे सतरा किलोमीटरवर. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि शांतता आहे. पण कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ज्या चेमुलाचा उल्लेख येतो, ते गाव हेच. ग्रीक-रोमन लोकांना हे बंदर ठाऊक होते, अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला, आणि 1469 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथेच उतरला. इथून तो जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. त्या वेळी बिदरला बहामनी राज्य होते आणि आपला वऱ्हाड त्या राज्याच्या चार तरफांपैकी एक होता. म्हणजे निकितिन ज्या राज्यात हिंडला, ते आपलेच राज्य.

रेवदंड्याचा तट पोर्तुगीजांचा. त्या तटापाशी वऱ्हाडच्या मास्तरांनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. 1570 सालच्या अखेरीस अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने मोठी फौज घेऊन या ठिकाणाला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता. महिनोन्‌महिने लढाई चालली, पण समुद्राच्या बाजूने पोर्तुगीजांना कुमक मिळतच राहिली, आणि 1571 साली निजामशहाला वेढा उठवावा लागला. याच मुर्तजाने तीन वर्षांनी, 1574 साली, एलिचपूरची इमादशाही बुडवून सगळा वऱ्हाड घेतला. गाविलगड-नरनाळ्यासारखे बळकट डोंगरी किल्ले ज्याला घेता आले, त्याला सपाट वाळूवरचे हे ठाणे घेता आले नाही. डोंगरी किल्ल्याची वाट अडवता येते, बंदराची वाट अडवायला आरमार लागते. एवढे एक वाक्य मुलांच्या ध्यानात राहिले तरी दिवसाचा अर्धा खर्च वसूल झाला असे समजावे. पुढे 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मराठ्यांनी या भागालाही वेढा दिला होता, आणि 1740 साली चौल-रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून सुटला.

खाडीच्या पलीकडे कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि खाली लहानसे गाव. या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तटाला झाडे फुटली, पण घरातले बोलणे टिकले. मात्र कोणाच्या दारात जाऊन "बोलून दाखवा" असे म्हणू नये. आपल्या वऱ्हाडीला कोणी हसले तर आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

आता जंजिरा. राजापुरी गावातून शिडाच्या होडीने जायचे. होडी तटाला अगदी भिडेपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. दरवाज्याच्या भिंतीवर, पंजांत हत्ती पकडलेल्या एका वाघासारख्या पशूचे शिल्प आहे. आत एकोणीस बुरूज, गोड्या पाण्याची दोन मोठी तळी आणि कलाल बांगडी नावाची प्रचंड तोफ. हा किल्ला सिद्दींचा. आफ्रिकेतून आलेली ही माणसे दख्खनच्या सुलतानांच्या नोकरीत चढत गेली आणि इथे स्वतंत्रपणे नांदू लागली. त्यांचे संस्थान 1948 साली विलीन झाले.

वाटाड्या इथे तीन गोष्टी हमखास सांगतो. पहिली, रामा पाटील नावाच्या कोळ्याचा इथे लाकडी मेढेकोट होता आणि दारूच्या पिंपांच्या युक्तीने तो घेतला. दुसरी, समुद्राखालून राजापुरीपर्यंत भुयार आहे. तिसरी, हा किल्ला मराठ्यांना कधीच मिळाला नाही. मास्तरांनी मुलांच्या वहीत तीन रकाने आखून द्यावेत : डोळ्यांनी पाहिले, कागदपत्रांत आहे, आणि लोक सांगतात. पिंपांची गोष्ट आणि भुयार हे दोन्ही तिसऱ्या रकान्यात जातील. ती टाकून द्यायची नाहीत, कारण लोकांना काय आठवावेसे वाटते हाही इतिहासच असतो. पण त्यांना कागदपत्रांच्या रकान्यात घुसू द्यायचे नाही. वाटाड्यावर रागावण्याचेही कारण नाही. त्याचे पोट गोष्टींवर आहे. पारख करण्याचे काम आपले.

तिसरी गोष्ट मात्र खरी आहे, आणि नेमके तिथेच आपण अडखळतो. महाराजांना जंजिरा घेता आला नाही, हे वर्गात सांगताना पुष्कळांची जीभ जड होते. मला वाटते, हे मोकळेपणी सांगावे आणि लगेच कारणे विचारावीत. तट थेट पाण्यातून उठलेला, पाय ठेवायला जागा नाही. आत गोडे पाणी. सिद्दीच्या पाठीशी औरंगजेबाचा पैसा आणि सुरतेची जहाजे. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात आसऱ्याला राही आणि इंग्रज ते चालवून घेत. म्हणजे लढाई एका सिद्दीशी नव्हती.

मग महाराजांनी काय केले? जवळच कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. जंजिऱ्याच्या तटावरून तो दिसतो. त्या कामाला रसद पोहोचवण्यात दिरंगाई झाली म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेले कडक पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस करणाऱ्या लाय पाटील कोळ्याला महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर्दी माणसाला पालखी काय करायची, असे तो म्हणाला आणि म्हणून त्याला 'पालखी' नावाचे गलबत दिले, असे सांगतात. 1679 साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बांधायला घेतली. इंग्रजांनी अडवले, तरी ती तडीस नेली. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले निवडले, त्यांत ही खांदेरी आहे. आणि 1680 साली कुलाबा. पुढे 1682 साली संभाजी महाराजांनी राजापुरीच्या बाजूने समुद्रात सेतूच बांधायला घेतला, पण मोगलांची फौज कोकणात उतरली आणि ते काम सोडून जावे लागले.

हा क्रम लक्षात घेतला म्हणजे सकाळी पाहिलेल्या कुलाब्याचा अर्थ संध्याकाळी जंजिऱ्यावर उलगडतो. एक किल्ला मिळत नाही असे दिसल्यावर त्याभोवती दुसरे, तिसरे, चौथे ठाणे उभे राहिले, आणि त्यांतल्याच एका ठाण्यातून पुढे कान्होजींनी पोर्तुगीज-इंग्रजांना आपला परवाना घ्यायला सांगितले. नुसत्या विजयांची यादी पाठ करणाऱ्या मुलाला हे कधी कळणार नाही.

असो. जाण्याचा खर्च आहे, प्रवास लांबचा आहे, हे मी जाणतो. म्हणून वर्षभर थोडी थोडी वर्गणी जमवावी, पालकांतला एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा, आणि वाटाड्याला त्याचा मेहनताना घासाघीस न करता द्यावा. परत आल्यावर निबंधाला 'आमची सहल' हा विषय देऊ नये. त्याऐवजी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : गाविलगड घेणाऱ्या निजामशहाला रेवदंडा का घेता आला नाही? ज्या मुलाला उत्तरात भरती, ओहोटी, गोडे पाणी आणि जहाज हे चार शब्द आपसूक सुचतील, त्याने समुद्र पाहिला असे खुशाल समजावे.