कथील

कथील : रुपेरी, मऊ धातू. चिन्ह एसएन, अणुक्रमांक ५०, अणुभार ११८.७१. सुमारे २३२° से.ला वितळते; इतक्या कमी आचेवर पातळ होते म्हणूनच ते कल्हईला आणि डाखाला चालते. कांडी वाकवली की आतले स्फटिक सरकून करकर आवाज येतो. १३° से.खाली दीर्घकाळ राहिल्यास शुद्ध कथलाची करडी भुकटी होऊ शकते. नेपोलियनच्या सैनिकांची बटणे रशियात अशीच झडली, ही गोष्ट रंगतदार खरी, पण तिला भक्कम पुरावा नाही.

कॅसिटेराइट हे त्याचे मुख्य धातुक. भारतात ते बस्तर भागात सापडते. तांब्यात कथील मिसळून कासे होते. तळपायाला तूप लावून घासायची वाटी याचीच. पोलादी पत्र्यावर कथलाचा मुलामा देऊन खाद्यपदार्थांचे डबे बनवतात.

महाराष्ट्रात कथील घरोघरी पोचले ते कल्हईमुळे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, कारण आंबटाने तांबे सुटते. कल्हईवाला भाता चालवून भांडे तापवतो, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने आतून पुसतो. पांढरा धूर उठतो, काळपट थर निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि पातळ झालेले कथील बोळ्याने झरझर फिरवायचे, ते थिजायच्या आत. अशा भांड्यात कडक तेलाची फोडणी करू नये, रिकामे तर आचेवर ठेवूच नये, कल्हई वितळते.

पोटात गेलेले साधे कथील फारसे शोषले जात नाही. डबाबंद अन्नात ते किलोला २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा आहे. प्रमाण फार वाढल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात. डबा फोडल्यावर उरलेले अननस काचेच्या भांड्यात काढावे, कारण हवा लागली की कथील जास्त सुटते. कल्हईत स्वस्त शिशाची भेसळ असेल, तर मात्र अपाय शिशाचा होतो आणि तो गंभीर असतो.

कथलाची काही सेंद्रिय संयुगे मात्र जहाल विषारी असतात. फ्रान्समध्ये १९५४ मध्ये ‘स्टॅलिनॉन’ या गळवांवरच्या औषधातील अशा संयुगाने सुमारे शंभर माणसे दगावली. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घातलेल्या ट्रायब्युटिल टिनमुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली; अशा रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली.