यमूपासून शिरोडकरपर्यंत

केशव सीताराम ठाकरे, पुढचे प्रबोधनकार, पनवेलमध्ये जन्मले ते १७ सप्टेंबर १८८५ रोजी. त्या काळी पनवेल म्हणजे गजबजलेलं बंदर. बाहेरच्या जगातलं नवंजुनं इथं लवकर पोचायचं. पण दहाव्या-अकराव्या वर्षी मुलगी उजवायची, ही रीत जागची हलत नव्हती. परकर सुटून लुगडं आलं की सासर. आज ज्याला आपण किशोरवय म्हणतो, ते पनवेलच्या काय, पुण्या-मुंबईच्याही बहुतेक मुलींच्या वाट्याला येतच नसे. मग त्या वयातल्या प्रेमाची कादंबरी कुणी लिहायची, आणि कुणावर?

मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी लग्न झालेल्या मुलीपासून झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) नायिका नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांची दुःखं पाहते. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या नंतरच्या अद्भुतरम्य कथांमध्ये प्रेम आहे, पण तिथल्या नायिका सर्वगुणसंपन्न. आरशासमोर उभं राहून ‘मी कशी दिसते?’ असं विचारण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली. यमू स्वतःच स्वतःची गोष्ट सांगते. लग्न थोरांनी ठरवलेलं, पण नवरा, रघुनाथराव, तिला लिहायला-वाचायला शिकवतो. मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांना एकमेकांची ओढ लागते. लग्नानंतर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना उगवलेलं हे प्रेम मराठी गद्यातलं सर्वांत हळवं प्रेम आहे, असं म्हणायला हरकत नाही. पुढे तो जातो आणि तिचं केशवपन होतं. स्वतःच्या रूपाबद्दल यमूला काय वाटत होतं, हे विचारायलाही कुणी उरत नाही.

मधलं वय निर्माण केलं ते कायद्याने आणि शाळेने. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, तर १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. तेवढी वर्षं मुलगी घरात राहू लागली, शाळेत जाऊ लागली. आणि त्याच वर्षांत तिच्या रूपाची झाडाझडतीही लांबली.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठवावा. तिला चालून दाखवायला सांगत, चार ओळी लिहून घेत, अंबाडा सोडवून केसांची लांबी बघत. रंग सावळा असेल तर हुंड्याचा आकडा चढे. पनवेलच्या त्याच ठाकऱ्यांनी पुढे दादरच्या स्वाध्यायाश्रमातल्या तरुणांना हाताशी धरून हुंड्याविरुद्ध मोहीम उघडली. पण नकार ऐकून आत गेलेल्या मुलीच्या मनात काय चाललंय, हे मोहिमेत येत नाही. ते आलं १९३३ साली, विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न जमलेल्या मुलींच्या या कथांनी समाज खवळला. टोपणनावामागे कोण आहे, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाई स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहते, हे मराठीत इतक्या धिटाईने त्यांच्याआधी फारसं कुणी लिहिलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांचा जमाना आला. कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे, चंद्रकांत काकोडकर यांची पुस्तकं हातोहात फिरली. त्यांचा वाचक प्रौढ मानलेला. कॉलेजातल्या आणि शाळेतल्या मुली ती अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून वाचत. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या काकोडकरांच्या ‘शामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला भरला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटला. प्रेम आणि शृंगार असलेलं पुष्कळ साहित्य आता प्रौढांप्रमाणे किशोरांनाही उपलब्ध आहे, याची न्यायालयाने निकालात दखल घेतली. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक निघालं. विज्ञान, साहस, कोडी असं खूप काही मुलांना मिळालं. प्रेम मात्र मोठ्यांच्या कपाटातच राहिलं.

त्या कपाटाला पहिल्यांदा खरी फट पाडली मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ने (२००४). आणीबाणीतली नववी, मुकुंद जोशी, त्याचे दोस्त, आणि वर्गातली शिरोडकर. ती कोणत्या रस्त्याने जाईल, आज वळून बघेल का, एवढ्यावर त्याचा अख्खा दिवस उभा असतो. या कादंबरीने कुमारवयाला त्याची स्वतःची भाषा दिली, हे तिचं मोठं श्रेय. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त जोशीच्या डोळ्यांनी. घरी वेणी घालताना ती स्वतःबद्दल काय विचार करते, ते पानांवर येत नाही. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ने (२०१३) जब्याची जीन्सची हौस, काळ्या चिमणीमागची त्याची धावपळ आणि जात, रंग, रूप यांचा एकत्र काच पडद्यावर आणला. पण तिथंही शालू दूरच राहिली.

आज पनवेलच्या शाळांमधून कोळी, आगरी, कराडी घरांतल्या, घाटावरून आलेल्या आणि सिडकोच्या वसाहतींत वाढलेल्या मुली एकाच बाकावर बसतात. रंग, उंची, दात, वजन यांवरून शेरे त्या रोज ऐकतात. इंग्रजीत त्यांच्या वयाच्या प्रेमकथांचे ढीग आहेत. मराठीत अजून यमूनंतर जिने आपल्याच तोंडून सांगावं अशी पंधरा वर्षांची नायिका शोधावी लागते. लिहिणाऱ्या बायकांनी, विशेषतः याच पट्ट्यात वाढलेल्या तरुण लेखिकांनी, ती आता लिहावी. आणि वाचनालयांनी ती प्रौढांच्या कपाटात नव्हे, तर मुलींच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवावी.